कोपऱ्यातला चेहरा

माहेरून परत आल्यावर थोड्याच दिवसांत शिवलीलाने पुन्हा गेम खेळायला सुरुवात केली. तिच्या नवऱ्याला, महांतेशला, ते कळलं ऑफिसात. बंगळूरला, बेळ्ळंदूरच्या कँटीनमध्ये तो डबा उघडून बसला होता, तेवढ्यात मोबाइलवर सूचना आली की शिवलीला लाइव्ह आहे. त्याने उघडून पाहिलं. घाटातून एक बस उतरत होती. पण बस कुठे संपते आणि झाडी कुठे सुरू होते, ते कळत नव्हतं. सगळ्या चित्राचे हिरवे-करडे चौकोन झाले होते. उजव्या कोपऱ्यात लहान चौकटीत शिवलीलाचा चेहरा होता.

भात खाता खाता तो बघत राहिला. खाली लोक लिहीत होते, ताई परत आलात, बरं वाटलं, पण चित्र फार फुटतंय.

शिवलीला चिकोडीची, महांतेश निपाणीचा. लग्न होऊन बंगळूरला आल्यावर पहिलं वर्ष ती नोकरी शोधत होती, तेव्हा वेळ जायला म्हणून तिने हे सुरू केलं होतं. बस चालवायचा गेम, तोही लोकांना लाइव्ह दाखवत. त्यात कुणी हौशी लोकांनी आपल्याकडचे रस्ते बनवून टाकले होते, आंबोलीचा घाट, संकेश्वरचा हायवे, वाटेतले ढाबेसुद्धा. ती बस चालवायची आणि अर्धं मराठी, अर्धं कन्नड बोलत राहायची. घरापासून लांब असलेली माणसं ऐकायला जमायची. त्यात गडहिंग्लजचे भीमसेन नावाचे एक निवृत्त एसटी ड्रायव्हर होते. ते रोज यायचे आणि तिने गिअर चुकवला की लगेच लिहायचे. पुढे तिला दिवस गेले, पोट टेबलाला लागायला लागलं, तेही या सगळ्यांनी पाहिलं होतं. कुणी डोहाळे विचारायचं, कुणी खुर्ची बदलायला सांगायचं.

आठव्या महिन्यात एका सकाळी पोटातलं हलणं थांबलं. दवाखान्यात नेलं, तोपर्यंत काही उरलं नव्हतं. बाळंतपण मात्र व्हायचं ते झालंच. मुलगी होती. शिवलीला औषधाच्या गुंगीत होती. तिच्या आईचं म्हणणं पडलं की पोरीला बाळ दाखवू नका, बघितलं तर आयुष्यभर डोळ्यांपुढून जाणार नाही. कुणी काही बोललं नाही आणि तसंच झालं. महांतेशचे सासरे मल्लाप्पा, ज्यांना तो मामा म्हणायचा, रात्रीच्या गाडीने यशवंतपूरला उतरून थेट दवाखान्यात आले होते. ते आणि महांतेश बाळाला घेऊन गेले, पुरून आले, आंघोळ केली. नंतर मल्लाप्पा लेकीला घेऊन चिकोडीला गेले आणि महांतेश कामावर जायला लागला.

त्याचं काम व्हिडिओचंच होतं. इंटरनेट कमी असेल तरी कॉलवर माणूस स्पष्ट दिसावा, हे त्यांची कंपनी करायची. त्या महिन्यांत त्याच्या हातून काम चांगलं झालं. साहेबांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो थँक्यू म्हणाला आणि खाली बसला. संध्याकाळी के. आर. पुरमच्या घरी परतताना आपण टाळ्यांच्या वेळी हसलो होतो की नाही, ते त्याला आठवत नव्हतं.

शिवलीला परत आली तेव्हा तो स्टेशनवर घ्यायला गेला. वाटेत पाण्याच्या टँकरचं आणि गॅसचं बोलणं झालं. घरमालकीण सुनंदाबाई खाली राहायच्या. त्यांचं घराणं चार पिढ्या बंगळूरात, त्यामुळे मराठी निम्मं कानडीच. त्यांनी शिवलीलाचा हात धरला आणि म्हणाल्या, "स्वल्प दिवस जाऊ दे अम्मा, सगळं सरी होतं." त्यानंतर त्यांनीही तो विषय काढला नाही. नवरा-बायको एकाच घरात वावरत होते, वेळेवर जेवत होते. कुणी कुणावर रागावलेलं नव्हतं.

तर त्या दिवशी घरी आल्यावर महांतेशने तिला सांगितलं की चित्र फार फुटतंय. ती चपात्या लाटत होती. म्हणाली, लोकही तेच म्हणतात, आधी असं नव्हतं. आधी नव्हतं, कारण आधी ते दुसऱ्या गल्लीत राहत होते, तिथे फायबरचं वेगवान इंटरनेट होतं. बाळासाठी एक खोली जास्तीची हवी म्हणून हे घर घेतलं होतं. इथे फायबरची लाइन यायची होती. रस्ता खोदून ठेवला होता आणि माणसं निघून गेली होती. तोवर जुन्या केबलवर भागवायचं. त्यावर सिनेमा बघायला अडचण नव्हती, पण घरातून बाहेर पाठवायला वाट फार अरुंद होती.

"रविवारी बघू या," तो म्हणाला.

"बघा," ती म्हणाली.

रविवारी सकाळी नाष्टा झाल्यावर तो तिच्याबरोबर त्या खोलीत गेला. खोलीत कॉम्प्युटर, एक टेबल, दोन खुर्च्या एवढंच होतं. बाकीचं सामान घेतलंच नव्हतं. लेकरू व्हायच्या आधी आणू नये, असं दोघांच्या घरच्यांनी बजावलं होतं. त्यामुळे आवरायला काही उरलं नव्हतं.

त्याने तिला सोपं करून सांगितलं. आपल्याकडून सेकंदाला ठरावीकच माहिती बाहेर जाऊ शकते. पडद्यावर जे जागचं हलत नाही, ते पुन्हा पाठवावं लागत नाही, आधीचंच चालतं. जे हलतं ते मात्र दरवेळी नव्याने पाठवावं लागतं. तू घाटातून बस नेतेस, तेव्हा प्रत्येक पान हलतं, प्रत्येक गवताची काडी हलते. एवढं सगळं त्या वाटेत मावत नाही, मग मशीन चौकोन करून मोकळं होतं.

"मग काय करायचं?"

"काय दिसलं नाही तरी चालेल, ते आपण ठरवायचं. आपण नाही ठरवलं तर ते मशीन ठरवतं."

दोघं कामाला लागले. आधी वाय-फाय सोडून लांब वायर ओढून थेट कॉम्प्युटरला लावली. लाइन जेवढं पाठवू शकते, त्याच्या जरा खालीच आकडा ठेवला, म्हणजे अडखळणार नाही. चित्राचा आकार एक पायरी उतरवला. सेकंदाला साठ चित्रं जात होती, ती तीस केली. तिला वाटलं होतं की त्याने बस धक्के देईल. करून बघितलं तर फरक जाणवला नाही, बस काही पळण्याच्या शर्यतीत नव्हती. मग गेममधलं गवत अगदी कमी केलं. वेगात कडा पुसट दाखवायची सोय बंद केली. जुन्या सिनेमासारखे दाणे दिसावेत म्हणून तिने कधीतरी एक खटका चालू ठेवला होता, तोही बंद. पाऊस बंद. चित्र दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामला त्याने घाई करू नको, सावकाश कर, असं सांगणारी निवड दिली. त्याने कॉम्प्युटरवर ताण आला, पंखा घुमायला लागला, पण तेवढ्याच माहितीत चित्र जास्त नीट बसायला लागलं.

प्रत्येक बदलानंतर ती थोडा रस्ता चालवायची, तो रेकॉर्ड करायचा, मग दोघं बघायचे. "हे झाड आता झाडासारखं दिसतंय," ती एकदा म्हणाली. दवाखान्यानंतर इतका वेळ ते शेजारी-शेजारी बसले नव्हते, हे महांतेशच्या लक्षात आलं. लक्षात आलं एवढंच. त्यावर त्याला काही वाटलं नाही.

मग तो कोपऱ्यातल्या चौकटीकडे वळला. तिच्यामागे खिडकीला बारीक फुलांचा पडदा होता आणि वरच्या पंख्याने तो सारखा हलायचा. त्याने पडदा काढून साधी पांढरी चादर ताणून लावली. उजेड कमी होता. कमी उजेडात कॅमेरा स्वतःच चित्रात किडे-मुंग्या पाडतो आणि त्या हलतात. म्हणून हॉलमधला दिवा आणून तिच्यासमोर ठेवला.

"माझा चेहराच काढून टाका की," शिवलीला म्हणाली. "तेवढीच जागा वाचेल."

त्याच्याकडे ऑफिसातला एक प्रोग्राम होता. चित्राच्या कुठल्या भागावर किती माहिती खर्च होते, ते तो रंगाने दाखवायचा. जास्त खर्च तिथे लाल, कमी तिथे निळा. त्याने नुकतंच केलेलं रेकॉर्डिंग त्यात घातलं. रस्त्याच्या दोन्ही कडा लाल होत्या, बसचा पुढचा भाग पिवळट. कोपरा निळा होता, सगळाच्या सगळा. चादर आणि तिचा चेहरा यांत फरक कळत नव्हता.

"त्याने काही वाचणार नाही," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "तुझ्या चेहऱ्याला काही लागतच नाही. हलतच नाही तो."

कामाच्या ओघात तो बोलून गेला होता. कळायला त्याला थोडा वेळ लागला. शिवलीला निळ्या कोपऱ्याकडे बघत होती. रागावलेली वाटत नव्हती. ती म्हणाली, "जुना एखादा घाला की यात. आधीचा."

त्याने शोधून एक काढला. आंबोलीचाच घाट, याच खुर्चीत ती, पण जुन्या घरातली. रंग लावल्यावर कोपऱ्यातली चौकट विस्तवासारखी लाल दिसायला लागली. ती बोलत होती, मान वळवत होती, कुणाचं तरी लिहिलेलं वाचून भुवया उडवत होती. एका वळणावर ती मध्येच थांबली, पोटावर हात नेला आणि हसली. तिथे लाल रंग चौकटीच्या बाहेर आला.

"लाथ मारलेली," शिवलीला म्हणाली.

त्याने रेकॉर्डिंग थांबवलं. ती म्हणाली, चालू दे. शेवटपर्यंत बघून झाल्यावर ती उठली आणि भात लावायला गेली. तो खोलीत बसून राहिला. डोळे भरून येतील असं त्याला वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. त्याने वायर टेबलाच्या पायाला नीट बांधली.

संध्याकाळी पाचला ती लाइव्ह आली. चौकट कोपऱ्यात तशीच ठेवली होती. महांतेश हॉलमध्ये कोचावर मोबाइल घेऊन बसला. चित्र छान येत होतं. रस्त्यावरचे पांढरे पट्टे दिसत होते, मैलाच्या दगडावरचं नाव वाचता येत होतं. खोलीचं दार अर्धं उघडं होतं. तिचा आवाज आधी दारातून यायचा आणि काही सेकंदांनी तोच मोबाइलमधून. लोकांनी लिहिलं, आज एकदम क्लिअर. ती म्हणाली, मिस्टरांनी करून दिलं. मोबाइलमधूनही ती तेच म्हणाली.

भीमसेन आले. ते सगळ्यांना रामराम घालूनच आत यायचे. थोडा वेळ ते रस्त्याबद्दल लिहीत राहिले, मग त्यांनी लिहिलं, "पोरी, लई दिसांनी दिसलीस. लेकरू कसं हाय?"

महांतेशने ते वाचलं. त्याला उठून आत जावंसं वाटलं. कॉम्प्युटरची वायर ओढली तर सगळंच बंद होईल, हेही डोक्यात येऊन गेलं. पण तो हलला नाही. इतके दिवस हा प्रश्न कुणी सरळ विचारलाच नव्हता. ज्यांना माहीत होतं त्यांनी नाही, आणि माहीत नसलेल्यांना हे दोघं भेटतच नव्हते.

दारातून तिचा आवाज आला. नेहमीचाच, वर नाही, खाली नाही.

"लेकरू गेलं, काका. पोटातच गेलं. मुलगी होती."

तो ऐकत होता. मोबाइलमधली शिवलीला अजून बस चालवत होती, तिने अजून काही वाचलेलं नव्हतं. समोरून एक ट्रक गेला. मग तिची नजर बाजूला गेली, ओठ हलले आणि ती पुन्हा म्हणाली, लेकरू गेलं, काका, पोटातच गेलं, मुलगी होती. पहिल्या वेळी तो नुसता दाराकडे बघत होता. दुसऱ्या वेळी त्याने तिला म्हणताना पाहिलं.

खाली हात जोडलेली चित्रं यायला लागली, एकामागून एक. कुणी देवाची मर्जी म्हणालं, कुणी पुढच्या वेळी सगळं चांगलं होईल म्हणालं. शिवलीला कुणालाच उत्तर देत नव्हती. भीमसेनांचं बराच वेळ काही आलं नाही. मग त्यांनी लिहिलं, "म्होरं वळण हाय. दुसऱ्यात घे."

तिने गिअर टाकला. बस वळली.

ठरलेल्या वेळेपर्यंत तिने बस चालवली, डेपोत लावली, सगळ्यांचा निरोप घेतला. बाहेर येऊन कोचाच्या दुसऱ्या टोकाला बसली. खाली सुनंदाबाईंच्या कुकरची शिट्टी झाली. दिवे लावायची वेळ झाली होती, पण दोघांपैकी कुणी उठलं नाही.

"तुम्ही बघितलंय तिला," शिवलीला म्हणाली.

"हां."

"सांगा की मला."

त्या सकाळचं त्याला बरंच आठवत होतं, पण भलतंच. लिफ्टचं बंद न होणारं दार, मल्लाप्पांच्या धोतराला लागलेला चिखल, सही घेणाऱ्या बाईंच्या पेनाचं टोपण. तो म्हणाला, मला नीट सांगता येणार नाही. ती म्हणाली, येईल तेवढं सांगा.

"केस होते," तो म्हणाला. "बरेच. काळे, कपाळाला चिकटलेले."

ती ऐकत होती.

"हनुवटी तुझी. तुझ्या आईची आहे ना, मध्ये खळी, तशीच. बोटं लांब होती. डाव्या हाताची मूठ वळलेली होती. मामांनी कापड गुंडाळताना ती उघडून बघितली, का ते माहीत नाही. परत मिटली तशीच." तो थांबला. "झोपल्यासारखी म्हणतात ना, तशी नव्हती. खोटं कशाला सांगू. पण चांगली होती दिसायला."

"रंग?"

"रंग नाही सांगता येणार. तेव्हा वेगळा झाला होता."

"वजन?"

"होतं. हाताला कळत होतं. रिक्षातून जाताना मांडीवर घेतली होती मी. मामा घेतो म्हणाले, पण मीच घेतली."

शिवलीलाने पाय वर घेतले आणि गुडघ्यांवर हनुवटी टेकली. तिने विचारलं, "तुम्ही रडलासा?"

"नाही."

"मी पण नाही अजून." मग ती म्हणाली, "आईवर राग येतो मला. मग तोही जातो."

"मी म्हणायला पाहिजे होतं, तिला दाखवा म्हणून."

"हां," ती म्हणाली. "पाहिजे होतं."

एवढंच. मग ती उठली आणि तिने दिवा लावला.

शनिवारी ते तिकडे गेले. शिवलीलाने आदल्या संध्याकाळी विचारलं होतं, कुठं ते दाखवाल का? तो म्हणाला, दाखवतो. रिक्षा करून दोघं रुद्रभूमीच्या, म्हणजे स्मशानाच्या, फाटकाशी उतरले. तिथे देवाप्पा नावाचे एक म्हातारे राखणदार होते. त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, कोण? महांतेशने सांगितलं. लहान्यांची जागा मागच्या भिंतीला, असं म्हणून ते पुढे चालायला लागले.

महांतेशला वाटलं होतं, गेल्यावर आठवेल. भिंत आठवत होती, जवळ पाण्याचा नळ होता हेही आठवत होतं. पण भिंतीलगत दोन नळ होते. मधल्या काळात तिथली माती सपाट झाली होती, वर गवत उगवलं होतं, आणि कुठलीही जागा दुसरीपेक्षा वेगळी दिसत नव्हती. तो एका नळाजवळून दुसऱ्या नळापर्यंत गेला आणि परत आला. देवाप्पा म्हणाले, दगड लावला नसला तर सांगता येत नाही, पाऊस पडला की माती बसते. तेही शिवलीलाकडे न बघता सांगून ते परत फाटकाकडे गेले.

"मला नाही सापडत," महांतेश म्हणाला. आणि त्याचा आवाज फाटला. त्याला स्वतःलाच ते आधी कळलं नाही. तो परत म्हणाला, "शिवलीला, मला जागा नाही सापडत," आणि तो तिथेच उकिडवा बसला. रडू आलं ते थोडंच. एखाद्या आटलेल्या नळातून दोन थेंब यावेत आणि थांबावं, तसं. पण आलं.

शिवलीला त्याच्या शेजारी उभी राहिली. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतलं.

"इथंच धरू या," ती म्हणाली. तिने चपला काढल्या, वाकून मातीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. फुलं आणायचं दोघांनाही सुचलं नव्हतं.

परतताना टिन फॅक्टरीच्या चौकात रिक्षा अडकली. पुढे बस, मागे बस, वर मेट्रोचा खांब. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. शिवलीला बाहेर बघत होती. तिचे डोळे कोरडे होते आणि तिला अजूनही, ती नंतर म्हणाली तसं, छातीत काही कळत नव्हतं, पाय झोपल्यावर कळत नाही तसं. पण त्या गर्दीत ती एकदम म्हणाली, "नाव ठेवू या का तिचं?"

"आता?"

"आता नाही तर कधी ठेवणार?"

महांतेशने एक नाव सुचवलं. ती म्हणाली, ते तुमच्या आत्याचं आहे, नको. तिने एक सांगितलं. ते त्याला आवडलं, पण तिलाच म्हणून बघितल्यावर जड वाटलं. गाड्या सुटल्या. रिक्षावाल्याने विचारलं, डावीकडे की सरळ? महांतेश सरळ म्हणाला. घर येईपर्यंत ते एकेक नाव घेत होते आणि खोडत होते. त्या संध्याकाळी काही ठरलं नाही. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना शिवलीलाने आणखी एक नाव काढलं, आणि ते कसं वाटतं ते बघायला त्याने आतल्या खोलीतून एकदा मोठ्याने हाक मारून पाहिली.